अकरावं प्रकरण

पावाच्या रांगेत उभं असताना मागून कुणीतरी "सिन्योर आमादेव!" अशी हाक मारली आणि बेल्मिरो फाल्कातोने चटकन मान वळवली. वळवल्यानंतर त्याच्या लक्षात आलं की आपलं नाव आमादेव नाही. या नावाने त्याला एकोणतीस वर्षांत कुणी हाक मारली नव्हती. लिस्बनमधल्या या बेकरीत तो रोज सकाळी यायचा, चार पाव घ्यायचा, आणि काउंटरमागची बाई त्याला "उपाध्यक्षसाहेब" म्हणायची. तो संसदेचा उपाध्यक्ष होता, त्याआधी क्रांती झाल्यावर चौदा महिने मजूरमंत्री होता, त्याआधी बरंच काही होता. पण मान वळली होती ती त्यापैकी कुणाचीच नव्हती. ती आपोआप वळली, गरम भांड्याला लागलेला हात मागे येतो तशी. त्याच्या काखेत आत्मचरित्राची मुद्रितं होती, पिवळ्या पाकिटात. ती परवापर्यंत छापखान्यात परत द्यायची होती. त्याने पाकीट घट्ट दाबून धरलं.

हाक मारणारी म्हातारी ठेंगणी होती, डोक्याला काळा रुमाल, पायात लोकरीचे मोजे. ती रांग सोडून पुढे आली आणि त्याच्या दंडाला तिने बोटाने टोचलं. "मीच ती, झुल्मिरा! कोइंब्राला तुमच्या शेजारी नव्हते का? कोंबड्यावाली! टीव्हीवर तुम्हाला बघितलं तेव्हा मी सुनेला म्हटलं, अगं हा तर आपला शिलाई मशीनवाला. सून म्हणते, सासूबाई, ते मंत्री आहेत. मी म्हटलं, असेल मंत्री, माझं मशीन यानेच दुरुस्त केलं होतं, आणि नीट केलं नव्हतं!" रांगेतले दोघं हसले. बेल्मिरोही हसला. असं हसायला तो सभांमधून शिकला होता. मग झुल्मिराचा आवाज खाली आला, पण इतका नाही की रांगेला ऐकू जाऊ नये. "एक विचारू का? मोठे झालात म्हणून बायकोला टाकलंत?"

"माझं लग्न झालेलं नाही, दोना झुल्मिरा," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं.

"वा! मग दोना ग्रासा कोण होती? पाच वर्षं तुमचे सदरे कोण वाळत घालत होतं माझ्या तारेवर?"

त्याने तिला बाहेर आणलं. कोपऱ्यावरच्या कॅफेत बसवलं, दोघांसाठी कॉफी सांगितली. सगळं उलगडून सांगावं असं त्याला वाटलं, की ग्रासा हे नाव खोटं, आमादेव खोटं, मशीनं विकणं खोटं, नवराबायको असणं खोटं. हुकूमशाहीच्या त्या दिवसांत बंदी असलेल्या त्याच्या पार्टीने दोन कार्यकर्त्यांना एका घरात ठेवलं होतं, म्हणजे शेजाऱ्यांना संशय येऊ नये, आणि मागच्या खोलीत छोट्या यंत्रावर पार्टीचं वर्तमानपत्र छापता यावं. पण सांगायला लागल्यावर खोटं कुठे संपत होतं ते त्याला नीट दाखवता येईना. तिचं खरं नाव ओताविया. पहिली दोन वर्षं ती पलंगावर झोपायची आणि तो जमिनीवर गादी टाकून. तिसऱ्या हिवाळ्यात फरशी फार गार पडली, आणि गादी गुंडाळून कपाटावर गेली ती पुन्हा खाली आलीच नाही. हे त्याने पुस्तकात लिहिलं नव्हतं. पुस्तकातल्या अकराव्या प्रकरणात ओतावियाबद्दल एकच परिच्छेद होता. कालच त्याने त्यातली स्वल्पविरामाची चूक दुरुस्त केली होती.

"ती फार धीराची बाई," झुल्मिरा कॉफीत साखर घालत म्हणाली. "ते पोलीस आले ना त्या दिवशी, मी अंगणात दाणे टाकत होते. चौघं होते. मी कुंपणाशी अगदी गोठून गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीत तुमची ती जिरेनियमची कुंडी असायची बघा. आत ते तिला धरून उभे, आणि तिने कोपराने अशी ढोसली कुंडी! धाडकन खाली. माती सगळी माझ्या कोंबड्यांच्या अंगावर. एकाने तिच्या मुस्काटात मारली. मला मेलीला काही कळेना, मी म्हटलं बाई घाबरली, तोल गेला. नंतर कळलं हो, वर्षांनी. तुमच्यासाठी पाडली होती ना?"

बेल्मिरोने मान हलवली. कुंडी खिडकीत असेल तर घरात यायचं, नसेल तर न थांबता पुढे चालत जायचं, असं ठरलेलं होतं. त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता तो गल्लीच्या टोकाशी आला, खिडकी रिकामी दिसली, आणि तो पुढे चालत गेला. त्याने चालण्याचा वेग बदलला नाही, याचा त्याला पुढे कितीतरी वर्षं अभिमान वाटत असे. पुस्तकात ते होतं. कुंडी कुणी काढली याचा मात्र त्याने कधी विचार केला नव्हता. खिडकी रिकामी होती, एवढंच. जशी काही ती स्वतःहूनच रिकामी झाली होती.

"आणि तुमचा तो कोट," झुल्मिरा म्हणाली.

"कसला कोट?"

"तपकिरी, जाड रेघांचा. त्या दिवशी उकडत होतं म्हणून तुम्ही तो खुंटीवरच ठेवून गेला होता. तो जाड्या पोलीस कोट घेऊन अंगणात आला, उजेडात. चाकूने अस्तर उसवलं आणि आतून एक कागद काढला, एवढासा, घडी केलेला. काय हसला मेला! बाकीच्यांना दाखवायला लागला. आणि दोना ग्रासा दारात होती, तिचं तोंड असं झालं… मार खाताना नव्हतं झालं तसं. मी म्हटलं, नवऱ्याने दुसऱ्या कुणा बाईची चिठ्ठी ठेवली असेल. तुम्हीसुद्धा ना!"

कॅफेतलं यंत्र वाफ सोडत होतं. बेल्मिरोने कप बशीत ठेवला. पत्त्यांचा तो कागद त्याने जाळला होता. त्याला ते स्पष्ट आठवत होतं: कागदाच्या कडा निळसर झाल्या, मग काळ्या, मग त्याने राख बोटांनी चुरली आणि बोटं धुतली. चुलीशेजारच्या निळ्या फरश्यांवर राखेचा एक डाग राहिला तो ओल्या फडक्याने पुसला. मग त्याच्या मनात आलं की कोइंब्राच्या त्या स्वयंपाकघरात फरश्या नव्हत्याच. चुन्याच्या भिंती होत्या. निळ्या फरश्यांचं घर दुसरंच, त्यानंतरचं. मग त्या घरात जाळला तो कोणता कागद? आणि या घरातला कुठे गेला?

मुळात कागद होता का? पार्टीचा नियम असा की पत्ते डोक्यात ठेवायचे आणि काम झालं की डोक्यातूनही काढून टाकायचे. तो विसरण्यात पटाईत होता. पोलिसांनी झोपू न देता आठ दिवस उभं केलं तरी तोंडातून काही निघू नये, याचा एकच खात्रीचा मार्ग म्हणजे आत काही नसणं. रोज रात्री झोपण्यापूर्वी तो दिवसभरातली नावं एकेक करून पुसायचा, पाटी पुसावी तशी, आणि त्याला ते इतकं जमलं की पुढे नको असलेलं आणि हवं असलेलं यांत हात फरक करेनासा झाला. त्या मार्चमध्ये मात्र कार्यकर्त्यांच्या लपायच्या तीन नवीन घरांचे पत्ते आले होते, गल्ल्यांची नावं एकमेकांसारखी होती आणि त्याला ताप होता. असं काहीतरी होतं. ताप होता की नव्हता? ओताविया म्हणाली होती, "लिहून ठेवू नकोस हं." की ते तिने दुसऱ्याच कशाबद्दल म्हटलं होतं? त्याच आठवड्यात तिन्ही घरं पकडली गेली. सात माणसं. पार्टीने चौकशी केली, आणि घरं फक्त दोघांनाच माहीत होती, त्यातला एक निसटला आणि दुसरी पोलिसांच्या हातात होती. ओतावियाला पार्टीतून काढायला परदेशात एका भाड्याच्या खोलीत चार जणांनी हात वर केले. त्यात त्याचाही हात होता. तेव्हा त्याला वाईट वाटलं होतं, आणि आपल्याला वाईट वाटूनही आपण हात वर केला याचं थोडं बरंही वाटलं होतं.

"कुठे आहे ती?" त्याने विचारलं.

झुल्मिराने त्याच्याकडे असं बघितलं की त्याला मंत्रिपद, संसद, सगळं अंगावरून उतरल्यासारखं झालं. "पलीकडे, बारेइरूला. नाताळात मला पत्र येतं तिचं. शाळेच्या स्वयंपाकघरात होती, आता घरीच असते. बायकोचा पत्ता मला विचारताय?"

दुपारी तीनच्या बोटीने तो नदी ओलांडून गेला. गाडी आणि ड्रायव्हर नको म्हणून सांगितलं. बोटीत कामगार पत्ते खेळत होते. दोघातिघांनी त्याला ओळखलं आणि मुठी वर केल्या, एकाने बसायला जागा दिली. तो बसला आणि पाकीट मांडीवर ठेवलं. आपण तिथे जाऊन काय करणार, हे त्याला माहीत नव्हतं. माफी मागणार? पण माफी मागण्यासाठी आपण केलेलं आपल्याला आठवायला नको का? झुल्मिरा म्हातारी झाली होती, तिने मशीनबद्दल तर साफ खोटं सांगितलं होतं; ते मशीन त्याने उत्तम दुरुस्त केलं होतं. म्हणजे कागदाबद्दलही ती… मग त्याला वाटलं, मशीन आपण खरंच नीट केलं होतं का? तेजु नदीचं पाणी मळकट होतं आणि बारेइरूच्या कारखान्यांचा धूर नदीवर आडवा पसरला होता. लहान असताना आपण बोटीतून जाताना रेलिंगवर पोट टेकून पाण्याकडे बघत असू, ही एक गोष्ट त्याला शंभर टक्के खरी वाटली, आणि तिचा काहीच उपयोग नव्हता.

ओताविया दुसऱ्या मजल्यावर राहत होती. दार उघडलं तेव्हा तिच्या हातात शेंगा सोलायची परडी होती. ती बारीक झाली होती, नाकावर चष्मा होता, केस पुरुषासारखे आखूड कापलेले. ती दचकली नाही. "झुल्मिराचा फोन आला होता," ती म्हणाली. "सारखी रडत होती, मी काय बोलून बसले म्हणून. ये. पाय पूस."

तो स्वयंपाकघरात बसला. ती शेंगा सोलत राहिली. ते दोघं एका टेबलाशी बसले आणि काही क्षण त्याला काहीच विचित्र वाटलं नाही. हेच त्याला विचित्र वाटलं. मग तो म्हणाला, "कोटात कागद होता?"

तिचे हात थांबले. "तुला आठवत नाही?"

"नाही."

"खरंच?"

"जाळल्याचं आठवतं. पण ते घर दुसरं होतं."

तिने परडी बाजूला सारली. तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर त्याला सोपं गेलं असतं. तिला हसू आल्यासारखं दिसलं, पण ते आलं नाही. "इतकी वर्षं मी समजत होते की तुला माहीत आहे," ती म्हणाली. "मला वाटायचं, तो तिकडे कुठेतरी असेल, त्याला झोप लागत नसेल. तेवढ्यावर मी तुरुंगातली सहा वर्षं काढली, बेल्मिरो. आणि तुला आठवतच नाही!"

"तू पार्टीला का नाही कळवलंस?"

"कळवलं की. सिगारेटच्या कागदावर लिहून बाहेर पाठवलं, अक्षरं मुंगीएवढी. पत्ते त्याच्या कोटात होते, मी काही बोललेले नाही. पोचलं?"

परदेशातल्या त्या भाड्याच्या खोलीत तुरुंगातून चिठ्ठ्या यायच्या. सिगारेटच्या कागदांच्या गुंडाळ्या यायच्या, बुटाच्या टाचेतून, पावाच्या पोटातून. त्या वाचायचं काम त्याचंच होतं, कारण चिटणीस तोच होता. बारीक अक्षर उलगडायला एक भिंग होतं. भिंगाखाली मोठं होत गेलेलं तिचं 'त' त्याला दिसलं, वर गाठ असलेलं, आणि त्याच क्षणी त्याला कळलं की हे 'त' आपण भिंगाखाली बघितलं असेल, किंवा किराणाच्या यादीत बघितलं असेल, पाच वर्षं ते रोज बघत होतो. "मला माहीत नाही," तो म्हणाला. एवढंच खरं होतं, आणि बोलल्यावर ते अगदी खोटं वाटलं.

"त्या पाकिटात काय आहे?"

त्याने मुद्रितं काढली. अकरावं प्रकरण तिने स्वतःच शोधलं, पानं चाळून. चष्मा वर सरकवून ती मोठ्याने वाचायला लागली, शाळेतल्या मुलीसारखी, एकेक शब्द नीट: "'छळ सहन न होऊन तिने तोंड उघडलं. तिला दोष देणं सोपं आहे; मी देत नाही.'" तिने पान खाली ठेवलं. "छान लिहितोस. दोष देत नाहीस. मोठ्या मनाचा आहेस."

"हे मी काढतो. आत्ता तुझ्यासमोर काढतो. आणि खरं काय ते लिहितो. पार्टीला सांगून निर्णय बदलून घेतो, तुझं सदस्यत्व…"

"तुझं पुस्तक आमच्या गल्लीत कोण वाचणार आहे?" ती म्हणाली. "आणि सदस्यत्व घेऊन मी काय करू, या वयात पत्रकं वाटू? ऐक. पिएदादे माहीत आहे? किंतिनोची बायको."

किंतिनो त्याला माहीत होता. तिसऱ्या घरात लपलेला कारखान्यातला फिटर. तुरुंगात दुसऱ्या हिवाळ्यात छातीच्या आजाराने गेला. त्याच्या नावाची पाटी बेल्मिरोनेच लावली होती, क्रांतीनंतर, इथेच, बँड लावून.

"ती समोरच्या इमारतीत राहते, तळमजल्यावर. तुरुंगातून सुटल्यावर मला आईच्या घरी इथेच यावं लागलं, दुसरीकडे कुठे जाणार? पिएदादेला वाटतं तिचा नवरा मी मारला. मी बाजारात गेले की ती रस्ता बदलते. आधी थुंकायची. आता वय झालं, नुसता रस्ता बदलते. तिच्या मुलीच्या वर्गाला मी आठ वर्षं सूप वाढलं, ती पोर माझ्या हातचं घ्यायची नाही, उपाशी बसायची."

"तू तिला सांगितलं का नाहीस?"

"आधी तुझ्यासाठी गप्प बसले. तू बाहेर काम करत होतास, तुझं नाव गेलं असतं तर पार्टीचं गेलं असतं. मग गप्प राहायची सवय झाली. मग तू मंत्री झालास. तेव्हा कोण ऐकणार होतं, शाळेची स्वयंपाकीण मंत्र्याविरुद्ध बोलते म्हणून? तू जा आणि तिला सांग. बाकी मला काही नको."

"आत्ता?"

"चारला ती कामावरून येते. इस्त्रीचं करते लॉन्ड्रीत. आता सव्वाचार झालेत."

तो जिना उतरला. ओताविया त्याच्या मागोमाग खाली आली, हातात बाजाराची पिशवी घेऊन, आणि आपल्याच दारासमोर पदपथावर उभी राहिली. रस्ता ओलांडताना आपण नेमकं काय कबूल करायला चाललोय याची त्याने मनात जुळवाजुळव केली. 'मी कागद ठेवला होता' हे म्हणायला त्याच्याकडे आधार नव्हता. 'मी ठेवला असेल' हे म्हणणं म्हणजे अकराव्या प्रकरणासारखंच होतं, गुळगुळीत. आयुष्यभर त्याने हजारो माणसांपुढे ठामपणे वाक्यं उच्चारली होती, त्यातली किती त्याला स्वतःला माहीत होती? त्याने दार वाजवलं तेव्हाही वाक्य तयार नव्हतं.

पिएदादेने त्याला पाहिलं आणि दोन्ही हात गालांवर ठेवले. "अगं बाई! कॉम्रेड फाल्कातो! माझ्या घरी! या, या, बसा, अहो इथे बसा, ती खुर्ची हलते." ती एकाच वेळी खुर्ची पुसत होती, खिडकी उघडत होती आणि गॅसवर कॉफी ठेवत होती. भिंतीवर किंतिनोचा फोटो होता आणि त्याच्या चौकटीत कोपऱ्याला खोचलेलं वर्तमानपत्राचं कात्रण, पाटीच्या समारंभाचं. त्यात बेल्मिरो पिएदादेच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. "कळवलं असतंत तर केक केला असता. मुलीला सांगते, फोन करते, तिला खोटं वाटेल. तुम्ही आमच्यासाठी जे केलंत…"

"दोना पिएदादे, बसा."

"बसते हो, कॉफी उतू जाईल."

"किंतिनो ज्या घरात होता त्याचा पत्ता पोलिसांना एका कागदावर मिळाला," तो म्हणाला. "तो कागद माझ्या कोटात होता. ओताविया काही बोलली नव्हती."

ती उभीच राहिली, हातात चमचा. कॉफी वर येत होती. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तिने. आणि शेजारणीने, तिने डोळ्यांनी पाहिलं होतं."

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही."

"मला आठवत नाही."

"आठवत नाही, तर मग कशाला सांगताय?" ती जवळजवळ ओरडली. "मी काय करू याचं? कुणीतरी तिथे सांगितलं, कुणीतरी इथे, आणि तुम्ही येऊन मला… तुमच्या कोटात होता की नव्हता? हो की नाही, एवढं सांगा!"

त्याला निळ्या फरश्या दिसल्या, राखेचा डाग, आणि चुन्याची भिंत, आणि भिंतीवर खुंटी. खुंटीवर काय होतं ते दिसेना. त्याने डोळे मिटले तरी दिसेना. आपण आता खोटं बोलत आहोत की आयुष्यात पहिल्यांदा खरं, हे त्याला कळलं नाही. "हो," तो म्हणाला. "माझ्या कोटात होता. मी लिहिला होता."

कॉफी उतू गेली. पिएदादेने गॅस बंद केला. ओट्यावरची कॉफी पुसायला तिने फडकं उचललं, ते तसंच हातात धरलं, आणि चपला न घालता दार उघडून बाहेर गेली. बेल्मिरो खुर्चीतून अर्धा उठला. उघड्या खिडकीतून त्याला दिसलं, पिएदादे रस्ता ओलांडून ओतावियाच्या समोर जाऊन उभी राहिली. एक सायकलवाला दोघींना वळसा घालून गेला. पिएदादेचे ओठ हलत नव्हते, ओतावियाचेही नाही. मग पिएदादेने हात पुढे केला आणि ओतावियाच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली, आणि दोघी बाजाराच्या दिशेने चालू लागल्या. एक अनवाणी, तिच्या दुसऱ्या हातात अजून ते ओलं फडकं.

त्या कोपऱ्यावरून दिसेनाशा झाल्या. घरात कॉफी करपल्याचा वास भरला होता आणि दार सताड उघडं होतं. त्याला थांब असंही कुणी म्हटलं नव्हतं, जा असंही नाही. तो किंतिनोच्या फोटोखाली तसाच अर्धवट उभा राहिला.